जुन्या घरातला गूढ वास: गॅस अलार्म, स्निफर आणि साबणाचं पाणी यांतलं काय खरंच कामाचं

जुन्या घरात वास अधूनमधून येतो. शेगडीजवळ नाक नेलं की काही कळत नाही, आणि मेकॅनिक दारात उभा राहिला की वास हमखास गायब होतो. मग कुणीतरी सुचवतं, ‘गॅस अलार्म बसवून टाका.’ अलार्म घरात असायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण वास कुठून येतोय हे शोधायला तो घेत असाल, तर पैसे चुकीच्या वस्तूवर जातायत. या कामासाठी बाजारात साधारण चार वस्तू मिळतात: ज्वलनशील वायूचा भिंतीवरचा अलार्म, हातात धरायचा स्निफर, गळती दाखवणारा फेस (किंवा घरचं साबणाचं पाणी) आणि कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म. चौघांची कामं वेगळी आहेत. एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही, आणि ‘सगळं एकात’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्या तर सगळंच अर्धवट करतात.

आधी महत्त्वाचं. वास जोरात आणि सतत येत असेल किंवा वायू सुटल्याचा आवाज येत असेल, तर यातलं कुठलंही उपकरण हातात घेऊ नका. सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा मीटरजवळचा कॉक बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका (पंखा फिरत असेल तर फिरू द्या), सगळ्यांना बाहेर काढा आणि फोन बाहेर गेल्यावरच करा. पुढचं सगळं पुसट, येणाऱ्या-जाणाऱ्या वासासाठी आहे.

भिंतीवरच्या अलार्मबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार अशी की ‘आम्हाला वास येतोय आणि हा गप्प बसलाय.’ बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो. वायू पेट घ्यायला हवेत त्याचं किमान ठरावीक प्रमाण लागतं: मिथेन म्हणजे नैसर्गिक वायूसाठी ५ टक्के, प्रोपेनसाठी (एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन) सुमारे २.१ टक्के. घरगुती अलार्मचं युरोपीय मानक ईएन ५०१९४ सांगतं की अलार्म या किमान प्रमाणाच्या ३ ते २० टक्के दरम्यान वाजला पाहिजे. अमेरिकी यूएल १४८४ मध्ये ही मर्यादा २५ टक्के आहे. म्हणजे नैसर्गिक वायूसाठी अलार्म हवेत ०.१५ टक्क्याला वाजेल किंवा १ टक्क्याला, दोन्ही नियमात बसतं. नाक मात्र त्याच्या कितीतरी आधी जागं होतं, कारण वायूत वासासाठी मुद्दाम मिसळलेलं मर्कॅप्टन हे उग्र वासाचं गंधकयुक्त रसायन अत्यल्प प्रमाणातही कळतं. सांध्यातून बारीक गळती असेल आणि खोलीत हवा खेळती असेल, तर अलार्म वर्षभर वाजणार नाही, आणि नाक रोज तक्रार करेल.

मग तो घ्यायचा कशाला? नाक दगा देतं तेव्हासाठी. झोपेत वासाने जाग येईलच असं नाही. सर्दी असते, वय झालेलं असतं, आणि तोच वास काही मिनिटं घेत राहिलं की नाकाला तो कळेनासा होतो. शिवाय वासच मरण्याचे प्रकार आहेत. नव्या लोखंडी पाइपात किंवा आतून गंजलेल्या टाकीत मर्कॅप्टन धातूला आणि गंजाला चिकटून कमी होतं, आणि जमिनीखाली फुटलेल्या पाइपातला वायू मातीतून गाळून घरात येतो तेव्हा वास मातीतच राहू शकतो. वायूला मुद्दाम वास देण्याची सक्ती ज्या दुर्घटनेनंतर पसरली, ती १८ मार्च १९३७ ची: टेक्सासमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेत साठलेला बिनवासाचा नैसर्गिक वायू पेटला आणि सुमारे तीनशे जण गेले.

किती वायू पुरतो याचा हिशोब एकदा करून बघा. १० घनमीटरचं छोटं स्वयंपाकघर धरा. त्यात प्रोपेन पेट घेण्याच्या पातळीला पोचायला ०.२१ घनमीटर वायू लागतो, वजनात साधारण ४०० ग्रॅम. हे सगळीकडे सारखं पसरलं तर. प्रत्यक्षात एलपीजी हवेपेक्षा जड (प्रोपेन सुमारे दीडपट, ब्युटेन दुप्पट), त्यामुळे तो फरशीलगत थर धरतो आणि तो थर कितीतरी कमी वायूत धोक्याला पोचतो. म्हणूनच अलार्म कुठल्या उंचीवर लावला याला त्याच्या ब्रँडपेक्षा जास्त महत्त्व आहे. एलपीजी असेल तर फरशीपासून ३० सेंटीमीटरच्या आत. पाइपातला नैसर्गिक वायू असेल तर छतापासून ३० सेंटीमीटरच्या आत, आणि दाराच्या वा खिडकीच्या चौकटीच्या वर, कारण हलका वायू तिथेच साठतो. शेगडीपासून एक ते चार मीटर. शेगडीच्या डोक्यावर नको, सिंकच्या खाली नको, पंख्याच्या झोतात आणि पडद्यामागे तर नकोच. थेट प्लगमध्ये खोचायचे अलार्म इथेच मार खातात: सॉकेट ओट्याच्या उंचीवर असतं, आणि ती उंची एलपीजीलाही चुकीची, नैसर्गिक वायूलाही चुकीची. वायर असलेला, भिंतीवर स्क्रूने बसणारा घ्या. दिसायला जरा ओबडधोबड, पण जागेवर बसतो.

खोक्यावर आतल्या सेन्सरचं नाव शोधा. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या जवळपास सगळ्या अलार्ममध्ये मेटल ऑक्साईड सेमीकंडक्टर असतो. ही कल्पना जपानच्या नाओयोशी तागुची यांची, १९६२ सालची: टिन ऑक्साईडचा थर तापवून ठेवायचा, ज्वलनशील वायू आला की त्याचा विद्युतरोध घटतो. साधं, टिकाऊ, पण निवड न करणारं. अल्कोहोलवाला फरशी-क्लीनर, थिनर, नेलपेंट रिमूव्हर, वाफ, सगळ्याला ते दाद देतं. डिओडरंट मारला की अलार्म ओरडतो ते तर खोटंही नाही, कारण बऱ्याच स्प्रेमध्ये ढकलणारा वायू ब्युटेन-प्रोपेनच असतो. वीज जाऊन आली की सेन्सर पुन्हा तापेपर्यंत दोन-तीन मिनिटं त्याच्यावर भरवसा नाही. घर महिनाभर बंद राहिलं असेल तर एक-दोन दिवस जाऊ द्या, मगच त्याच्या वागण्यावरून काही ठरवा.

या सेन्सरचा खरा शत्रू सिलिकॉन. सिंकच्या किंवा ओट्याच्या कडेला सिलिकॉन सीलंट भरलं, सिलिकॉनचा पॉलिश-स्प्रे मारला, की त्याची वाफ सेन्सरवर थर धरते आणि तो कायमचा मंद होतो. बाहेरून काहीच कळत नाही, हिरवा दिवा जळत राहतो. असं काम निघालं तर अलार्म काढून दुसऱ्या खोलीत न्या आणि सीलंट पूर्ण सुकल्यावरच परत लावा. इन्फ्रारेड सेन्सरवाले अलार्म या विषाला बळी पडत नाहीत आणि अल्कोहोलच्या वाफेनेही फारसे भुलत नाहीत. महाग असतात. घरात डागडुजी, रंगकाम सतत चालू असेल तर तो जास्तीचा खर्च वसूल होतो, एरवी चांगला सेमीकंडक्टर अलार्म पुरतो.

‘टेस्ट’ बटणावर विसंबू नका. ते बहुतेक अलार्ममध्ये फक्त बझर, दिवा आणि सर्किट तपासतं, सेन्सर नाही. सेन्सर तपासायचा तर त्या वायूचा चाचणी-डबा मिळतो, सूचनेतल्या अंतरावरून एक छोटा फवारा. लायटर न पेटवता त्याचा वायू सोडून बघण्याची पद्धत सगळीकडे आहे, पण अनेक उत्पादक तिला नाही म्हणतात, आणि कारण योग्य आहे: इतक्या जवळून इतका घट्ट वायू मिळाला तर जवळपास मेलेला सेन्सरही वाजतो, मग त्या वाजण्यातून काय कळलं? पडद्यावर आकडा दाखवणाऱ्या मॉडेलचंही तसंच. आकडा शून्य आहे याचा अर्थ हवा स्वच्छ आहे असा नाही, ठरावीक पातळीखालचं तो दाखवतच नाही.

अलार्मबरोबर येणारा सोलेनॉईड व्हॉल्व्ह, म्हणजे वायू आपोआप बंद करणारा, ही मात्र घेण्यासारखी जोड आहे. घेताना एकच प्रश्न विचारा: वीज गेल्यावर तो उघडा राहतो की मिटतो? मिटणारा जास्त सुरक्षित, पण वीज वारंवार जात असेल तर दरवेळी हाताने पुन्हा उघडावा लागतो, आणि चार दिवसांत घरातलं कुणीतरी त्याला बायपास करून मोकळं होतं. तिथे पल्सवर चालणारा (एरवी उघडा राहून अलार्मकडून विजेचा एक झटका आला की मिटणारा) परवडला.

आता स्निफर. लांब लवचिक मान, टोकाला सेन्सर, आणि गळती जवळ येईल तशी टकटक वाढत जाते. वास शोधायला खरी उपयोगी वस्तू हीच. चांगले स्निफर मिथेनचे सुमारे ५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) ओळखतात, म्हणजे भिंतीवरच्या अलार्मच्या कित्येक पटींनी कमी. पण वापरायची पद्धत चुकली की तो सगळीकडेच वाजतो. चालू करताना बाहेर मोकळ्या हवेत करा, कारण सुरू होताना जी हवा मिळते तिलाच तो शून्य मानतो. वासाच्या खोलीतच चालू केलात तर वासालाच शून्य धरून बसेल. मिनिटभर गरम होऊ द्या. टोक सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर या वेगाने, सांध्याला जवळजवळ टेकवून फिरवा. नैसर्गिक वायूसाठी सांध्याच्या वरच्या बाजूने, एलपीजीसाठी खालच्या बाजूने. पंखा बंद. एकदा जोरात वाजला की बाहेर नेऊन पुन्हा शांत होऊ द्या, मग त्याच जागी परत आणा. दोनदा त्याच सांध्यावर वाजला तरच ती गळती माना. एवढं करूनही स्निफर ‘इथे काहीतरी आहे’ इतकंच सांगतो, ‘हा गॅसच आहे’ असं नाही.

कुठे फिरवायचा? सिलिंडरवर: व्हॉल्व्हच्या आतलं रबरी वायसर, रेग्युलेटरचा मागचा श्वासछिद्राचा भाग, नळीची दोन्ही टोकं आणि नळी वाकते ती जागा. सिलिंडर संपत आला की वास अचानक वाढतो, त्याला घाबरू नका पण सोडूही नका. मर्कॅप्टन प्रोपेन-ब्युटेनपेक्षा कमी उडणारं, त्यामुळे ते तळाच्या उरलेल्या द्रवात साठत जातं, आणि आधीपासून असलेली बारीक गळती तेव्हाच नाकाला कळते. शेगडीवर: सगळी बटणं बंद ठेवून प्रत्येक बर्नरच्या तोंडाशी टोक धरा. बटण फिरवायला जड किंवा करकरीत झालं असेल, तर आतल्या कॉकचं ग्रीस वाळलेलं असतं आणि ‘बंद’वरही वायू झिरपतो. ही गळती साबणाच्या पाण्याने बर्नरवर दिसत नाही, स्निफरलाच सापडते.

जुन्या पाइपलाइनचं दुखणं वेगळं. जुने आटे ताग आणि सफेद्याच्या पांढऱ्या लेपाने बसवलेले असत. कोळशापासून केलेला जुना शहरी गॅस ओलसर असे, त्यामुळे ताग फुगलेला राही. कोरडा नैसर्गिक वायू आला तशी तागाची ओल गेली, तो आकसला आणि वर्षानुवर्षं घट्ट असलेले सांधे झिरपू लागले. असा सांधा आणखी आवळून फार तर काही दिवस निघतात. तो उघडून, आटे साफ करून गॅससाठीच्या जाड टेफ्लॉन टेपने (पाण्याच्या नळाच्या पातळ पांढऱ्या टेपने नव्हे) किंवा गॅससाठीच्या पेस्टने नव्याने बसवावा लागतो, आणि ते काम परवानाधारक माणसाचं. पाइप भिंतीत गाडलेला असेल तर गळतीची जागा आणि वास बाहेर पडायची जागा एक नसते. वायू पाइपाभोवतीच्या पोकळीतून सरकत स्विचबोर्डाच्या डब्यातून, फरशीच्या कडेच्या फटीतून, शेजारच्या खोलीतसुद्धा निघतो. स्निफर स्विचबोर्डाच्या कडेने फिरवा, झाकण मात्र उघडू नका.

साबणाचं पाणी हे स्निफरनंतरचं पाऊल. भांडी घासायचा द्रव साबण आणि पाणी निम्मं-निम्मं, हळू ढवळलेलं, आधीच फेस आलेला नको. ब्रशने सांध्याभोवती पूर्ण गोल लावा, मागच्या बाजूला आरसा धरा आणि प्रत्येक सांध्यावर किमान मिनिटभर नजर ठेवा. बारीक गळतीत फुगे येत नाहीत, पांढरा दाट फेसाचा मोहरीएवढा ठिपका हळूहळू वाढत जातो, आणि लोक नेमका तोच सोडून देतात. गळती मोठी असेल तर उलट पाणीच उडून जातं आणि फुगा धरतच नाही. अमोनिया असलेला क्लीनर पितळेला लावू नका, पितळ त्याने तडकतं. क्लोरीनवाला स्टेनलेसच्या लवचिक नळीला चालत नाही. काम झालं की ओल्या फडक्याने पुसून घ्या. ईएन १४२९१ मानकाचा तयार फवारा मिळाला तर घ्या, तो धातू खात नाही आणि उभ्या पाइपावर टिकून राहतो. पण घरचा साबण नव्वद टक्के काम करतो. काडी पेटवून बघणाऱ्या माणसाला मात्र दारातूनच परत पाठवा.

मीटर असेल तर एक चाचणी फुकटात होते, आणि आमच्या मते ती कुठलंही उपकरण घेण्याआधी करावी. सगळ्या शेगड्या, गिझर, पायलट ज्योत बंद. मीटरच्या शेवटच्या आकड्यांचा फोटो. अर्धा तास काहीही वापरायचं नाही. आकडा हलला तर मीटरच्या पुढे गळती आहे. हलला नाही तर मोठी गळती नाही एवढंच सिद्ध होतं, कारण अगदी बारीक झिरप मीटरला दिसत नाही. त्यासाठी तंत्रज्ञाकडून मॅनोमीटर (दाब मोजणारी, पाणी भरलेली यू आकाराची नळी) लावून दाब टिकतो का ते बघावं. २० मिलिबार म्हणजे यू-नळीत सुमारे २०४ मिलिमीटर पाणी. उन्हातल्या पाइपात तापमान बदललं की पाणी आपोआप हलतं, म्हणून ही चाचणी सकाळी किंवा संध्याकाळी.

आणि हे सगळं गप्प राहिलं तर? तर वास बहुधा गॅसचा नाहीच. जुन्या घरांत पहिला संशय गटाराच्या वायूवर. क्वचित वापरल्या जाणाऱ्या न्हाणीच्या किंवा बेसिनच्या ट्रॅपमधलं (गटाराचा वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या नळीतलं) पाणी काही आठवड्यांत सुकतं. साधारण ५० मिलिमीटरचा तो पाण्याचा पडदा गेला की हायड्रोजन सल्फाईड आणि मिथेन थेट घरात. या मिथेनमुळे स्निफर इथेही टकटकतो आणि माणूस गॅसचा पाइप फोडायला निघतो. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता, वर दोन चमचे खाद्यतेल (पाणी सुकायला वेळ लागतो), आणि दोन दिवस बघा. किचनची चिमणी किंवा एक्झॉस्ट चालू केल्यावरच वास वाढत असेल तर निदान जवळजवळ पक्कं: पंखा हवा ओढतो, खिडक्या बंद असतात, मग ती सुकलेल्या ट्रॅपमधून येते.

फक्त गरम पाण्याला सडक्या अंड्याचा वास असेल तर गिझरमधला मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड (स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवणारी कांडी) आणि पाण्यातले सल्फेटवर जगणारे जिवाणू, यांची ती करामत. थंड पाणी एका ग्लासात, गरम दुसऱ्यात, दोन्ही खोलीबाहेर नेऊन हुंगा. उपाय टाकी धुणं आणि अॅल्युमिनियम-झिंकचा रॉड. इन्व्हर्टरची बॅटरी जास्त चार्ज होत असेल तर तिथूनही तोच अंड्याचा वास येतो, आणि तिचा हायड्रोजन कार्बन मोनॉक्साईडच्या अलार्मला उगाच वाजवतो. मासळीसारखा किंवा लघवीसारखा वास, आणि तो संध्याकाळी दिवे लागल्यावर वाढणारा, हा विजेचा: तापलेला स्विच, सैल झालेला वायरचा स्क्रू, होल्डरचं जळणारं प्लास्टिक. याला गॅसइतकंच गांभीर्याने घ्या. त्या सर्किटचा एमसीबी पाडा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत चालू करू नका. हवेचा दर्जा दाखवणारे टीव्हीओसी मीटर इथे शून्य कामाचे. फोडणी, अत्तर आणि गळती यांना ते एकाच आकड्यात बसवतात.

राहिला कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म, आणि एकच वस्तू घ्यायची असेल तर आमचं मत यालाच. गॅस गळला तर नाक निदान प्रयत्न करतं. या वायूला वासच नाही. पिवळी-नारिंगी ज्योत, भांड्याला काजळी, डोळ्यांना झोंबणारी हवा, घराबाहेर पडल्यावर उतरणारी डोकेदुखी, एवढेच इशारे. न्हाणीघरात किंवा बंद जागेत गॅस गिझर असेल तर हा अलार्म चैन नाही. सेन्सर इलेक्ट्रोकेमिकलच हवा, आणि खोक्यावर ईएन ५०२९१ किंवा यूएल २०३४. ईएनप्रमाणे ५० पीपीएमला ६० ते ९० मिनिटांत, १०० ला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० ला ३ मिनिटांच्या आत तो वाजतो. ३० पीपीएमला दोन तासांच्या आत वाजू नये अशी अट आहे, त्यामुळे कमी पातळीचा त्रास तो लगेच सांगणार नाही. हा वायू जवळपास हवेइतकाच हलका, म्हणून लावायचा श्वासाच्या उंचीवर, उपकरणापासून एक ते तीन मीटर, आणि एक झोपायच्या खोलीजवळ. एलपीजीचा फरशीजवळ, हा डोक्याच्या उंचीवर. दोघं एकाच डबीत घेतले तर एक नक्की चुकीच्या जागी लागतो, म्हणून ‘टू इन वन’ आम्ही सुचवत नाही.

दोन्ही अलार्मवर मागच्या बाजूला बदलण्याची तारीख छापलेली असते. ज्वलनशील वायूच्या अलार्मला बहुधा पाच वर्षं, कार्बन मोनॉक्साईडच्याला पाच ते दहा. ती तारीख मार्करने पुढच्या बाजूला मोठी लिहा. चार बीप, थोडी विश्रांती, पुन्हा चार बीप असा आवाज आला तर तो कार्बन मोनॉक्साईडचा खरा इशारा, सगळे बाहेर. मिनिटाला एकच बारीक ‘टिक्’ येत असेल तर बॅटरी संपलीय किंवा आयुष्य. नवी बॅटरी घालूनही टिक् थांबली नाही, तर तो सेन्सर गेला. डबी बदला.